चित्रकला आणि अष्टपादाची बुद्धि

“चित्रें काढून का कोणाचें पोट भरतें?” हा प्रश्न आम्हीं पालकांच्या तोंडून अनेकदां ऐकला आहे. गेल्या सत्रांत एका सद्गृहस्थांनीं तर आपल्या चिरंजीवांस चित्रकलेच्या तासास न बसवितां त्या वेळीं गणित शिकवावें, अशी विनंति केली. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. कां मान्य नाहीं, तें एका जलचराच्या उदाहरणानें सांगूं.

त्याच आठवड्यांत आम्हीं वर्गास समुद्रांतील प्राण्यांचीं चित्रें काढावयास सांगितलीं. बहुतेकांनीं ऑक्टोपस, म्हणजे अष्टपाद, निवडला. कोंकणच्या किनाऱ्यावर जिला माकूल म्हणतात, त्या मासळीचा हा आप्त होय. पहिलीं चित्रें स्मरणानें काढलेलीं होतीं: वाटोळें डोकें, दोन गोल डोळे, त्यांखालीं हंसतें तोंड आणि लोंबणाऱ्या आठ दोऱ्या! मग आम्हीं छायाचित्रें समोर ठेवून तेंच चित्र पुनः काढावयास सांगितलें. थोड्याच वेळांत वर्गांतील गलबला थांबला व प्रश्न सुरू झाले. मुलांनीं ज्यास डोकें समजून काढलें होतें, ती वस्तुतः पोटाची पिशवी. तींत एक नव्हे, तीन हृदयें असतात. तोंड डोळ्यांखालीं नसून आठ बाहूंच्या मध्यभागीं असतें व त्यांत पोपटासारखी चोंच असते. डोळ्यांतील बाहुली वाटोळी नसून आडव्या फटीसारखी आहे, हें मात्र एका विद्यार्थ्यानें आपण होऊन हेरलें.

पाहणें व निवाडा करणें यांत मोठें अंतर आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल हा थोर निरीक्षक होता. अष्टपाद रंग बदलतो, हें त्यानें लिहून ठेविलें आहे. परंतु पाण्यांत हात घातला असतां हा प्राणी हाताजवळ येतो, एवढ्यावरून त्यानें त्यास मूर्ख ठरविलें! आज त्याच वर्तनास जिज्ञासा म्हणावें लागेल. 1992 सालीं फियोरीतो व स्कोत्तो या शास्त्रज्ञांनीं इटलींतील नेपल्स येथें कांहीं अष्टपादांस दोन रंगांच्या चेंडूंपैकीं एकच धरावयास शिकविलें. शेजारच्या हौदांतून हें पाहणाऱ्या अशिक्षित अष्टपादांनीं पुढें तोच चेंडू धरला. इंडोनेशियाच्या समुद्रांतील एक जात नारळाच्या अर्ध्या करवंट्या बरोबर वाहून नेते व प्रसंग पडतांच त्यांत दडून बसते, हें 2009 सालीं प्रसिद्ध झालें. सामान्य अष्टपादाच्या सुमारें 50 कोटि मज्जापेशींपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश त्याच्या बाहूंत असतात. म्हणजे त्याचे हातच जणूं विचार करतात!

आणि हें सर्व तो कोणापासून शिकतो? आई अन्न वर्ज्य करून अंड्यांची राखण करते आणि पिलें बाहेर पडण्याच्या सुमारास प्राण सोडते. पिलांस ना मातापिता, ना गुरु. बहुतेक जातींचें आयुष्य एकदोन वर्षांचें. तेवढ्यांत प्रत्येकानें सारें स्वतःच पाहून, चांचपून शिकावयाचें. आमच्या मुलांस मातापिता आहेत, शाळा आहे, शिकावयास पुष्कळ वर्षें आहेत. मग त्यांच्या डोळ्यांस व हातांस आठवड्यांतील एक तासही आपण देऊं नये काय?

मनुष्याच्या हातांत मेंदू नाहीं, हें खरें. तथापि हात चालूं लागला म्हणजे डोळा जागा होतो आणि डोळा जागा झाला म्हणजे मन प्रश्न विचारूं लागतें. जो मुलगा प्रत्येक वस्तूस हात लावून पाहतो, त्यास आपण खोडकर म्हणतों; जो वारंवार प्रश्न विचारतो, त्यास मंद समजतों. ॲरिस्टॉटलनें केलेली चूक आपण घरोघर व वर्गावर्गांतून करीत असतों. आम्ही शिक्षकही त्यास अपवाद नाहीं.

बाहुलीची ती आडवी फट हेरणारा विद्यार्थी त्याच सद्गृहस्थांचा चिरंजीव होता. गणितांत तो मागें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं, व त्यासाठीं शाळा सुटल्यावर त्यास अधिक वेळ देण्यास आम्ही तयार आहों. परंतु जो डोळा ही फट पाहूं शकला, तोच उद्यां भूमितीच्या आकृतींतील कोनही पाहील. तो डोळा मिटूं नये, एवढीच पालकांस आमची विनंति आहे.