चाचणी वेगळी, उपचार वेगळा

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीबद्दल आपल्याकडे दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजांतून घरोघर पोचते: पन्नाशी उलटली की दरवर्षी पीएसए करा, कॅन्सर लवकर सापडला की जीव वाचलाच. दुसरे मत या पॅकेजांना विटलेल्यांचे: ही चाचणी धडधाकट माणसाला रुग्ण बनवते, तिच्या वाटेला जाऊच नका. मला दोन्ही मते चुकीची वाटतात आणि दोन्हींची चूक एकच आहे. पीएसए वाढला की बायोप्सी, बायोप्सीत कॅन्सर दिसला की ऑपरेशन, ही साखळी अटळ आहे असे दोघेही धरून चालतात. एक पक्ष तिच्यावर विसंबतो, दुसरा तिला भितो. ती मध्येच तोडता येते, हे कोणीच सांगत नाही.

पहिला पक्ष आधी तपासू. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. निरोगी ग्रंथीतही ते असतेच. वयामुळे ग्रंथी वाढली, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, नुकताच कॅथेटर घातलेला असला, तरी रक्तातला आकडा चढतो. आकडा चढलेल्या चौघांपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतो. उलट प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असली, तर तो निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा देतो.

आता 'जीव वाचलाच' या दाव्याकडे वळू. युरोपात ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना चाचणीला बोलावले, त्यांच्यात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ जणांना बोलवावे लागले आणि १२ जणांना जादा निदान झाले. त्यांतल्या अनेकांचा कॅन्सर इतका संथ, की तो सापडला नसता तरी त्यांचे काही बिघडले नसते. फायदा खरा आहे, पण तो असा मोजून मापून मिळतो. पॅकेज विकताना हे सांगितले जात नाही आणि माणूस काही न विचारता रक्त देऊन मोकळा होतो.

दुसऱ्या पक्षाकडेही वजनदार पुरावे आहेत, असे वाटते खरे. १९७० साली प्रोस्टेटमधल्या प्रतिजनाचा शोध लावणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० साली सरसकट चाचणीवर कडक टीका केली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ साली ही चाचणी कोणत्याच वयात नको, असा सल्ला दिला. पण याच कृतिदलाने २०१८ साली तो सल्ला बदलला: ५५ ते ६९ या वयात प्रत्येकाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, सत्तरीनंतर मात्र सरसकट चाचणी नको. चाचणीने मृत्यू कमी होत नाहीत असे दाखवणाऱ्या अमेरिकी अभ्यासात, 'चाचणी न केलेल्या' गटातल्या बहुतेकांनीही बाहेर पीएसए करून घेतला होता. अशा तुलनेतून फरक दिसणार कसा?

'म्हातारपणी माणसे या कॅन्सरने नव्हे, कॅन्सरसह मरतात' हे वाक्यही अर्धेच खरे आहे. संथ कॅन्सरला ते लागू पडते. आक्रमक कॅन्सर हाडांत उतरतो आणि यातना देऊन मारतो. आपल्याकडे तर मोठ्या संख्येने रुग्ण त्याच अवस्थेत डॉक्टरांकडे येतात. पाठ-कंबर दुखते, लघवी अडते, 'वय झालं' म्हणून घरचेही गप्प बसतात. ज्याला लघवीतून रक्त जाते, ज्याची हाडे दुखतात, त्याच्यासाठी हा वादच नाही. त्याने तपासणी करायलाच हवी.

उरतो सर्वांत खोलवरचा आक्षेप: कॅन्सर आहे म्हटल्यावर तो अंगात ठेवून जगायचे कसे? ही भीती मी हलकी मानत नाही. पण तिला उत्तर आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी झाली. १५ वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के होते. म्हणजे जवळजवळ सारखेच. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र ९.४ टक्के, म्हणजे इतरांच्या सुमारे दुप्पट होते आणि त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांनी पुढे कधीतरी उपचार घेतले. हे लपवण्याचे कारण नाही. त्याचबरोबर बारा वर्षांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटात २४ टक्के, देखरेखीत ११ आणि रेडिएशनमध्ये ८ टक्के होते, हेही सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेने संबंधांची क्षमता घटते, रेडिएशनने आतड्याचा त्रास होऊ शकतो. किंमत प्रत्येक वाटेला आहे. कोणती मोजायची हे रुग्णाने ठरवायचे.

म्हणून माझे म्हणणे असे. चाचणी आणि उपचार हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि त्यांच्यामध्ये थांबण्याच्या जागा आहेत. रक्त देण्याआधीच ठरवा: आकडा चढला तर पुढे जायची माझी तयारी आहे का? वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, घराण्यात बीआरसीए-२ जनुकाचा दोष असेल, तर हा विचार पंचेचाळिशीतच करा. आकडा चढला तर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा. तो चढलेलाच राहिला तर आधी एमआरआय, आणि त्यात संशयास्पद जागा दिसली तर नेमकी तिथलीच बायोप्सी. या वाटेने गेल्यास निरुपद्रवी कॅन्सर उगाच सापडण्याचे प्रमाण निम्म्यावर येते, हे स्वीडनमधल्या अभ्यासाने दाखवले आहे. बायोप्सीत ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारा आकडा) ६ आला तर बहुतेकांना ऑपरेशनची घाई नको. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी, अशी शिस्तीची देखरेख पुरते. स्कोअर ८ ते १० असेल तर मात्र देखरेखीच्या नावाखाली दिवस ढकलू नका, उपचार घ्या. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या, आणि सर्जनप्रमाणेच रेडिएशनच्या तज्ज्ञाचेही मत घ्या.

आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, प्रोस्टेटची नाही. त्यामुळे हा निर्णय प्रत्येक घरावर येऊन पडला आहे. तो पॅकेजवर सोडू नका आणि भीतीवरही सोडू नका. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाने डॉक्टरांसमोर बसून आधी प्रश्न विचारावेत, मग बाही वर करावी.