नकलेची गाडी आणि दसऱ्याची मेबॅक

अमेरिकेत जुन्या मोटारींची प्रदर्शनं भरतात, तिथे वरून काळी, खालून चंदेरी आणि मध्ये बारीक लाल रेघ असलेली शेव्हरोले कॉर्व्हेट बरेचदा दिसते. दारावर इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीचं नाव असतं. या शर्यतीत 33 गाड्या तीन-तीनच्या रांगांनी एका आघाडीच्या गाडीमागे धावत वेग घेतात. हिरवा झेंडा पडायच्या आत ती पेस कार बाजूला होते आणि खरी झुंज सुरू होते. 1978 साली हे काम कॉर्व्हेटकडे आलं आणि 1960 चे विजेते जिम रॅथमन यांनी ती चालवली. प्रदर्शनातली गाडी मात्र बहुतेक वेळा ती नसते. कंपनीने त्या वर्षी तशाच रंगाच्या 6,502 गाड्या विकायला काढल्या. त्यांना चासी नंबरची वेगळी मालिका दिली आणि दारावरची अक्षरं न चिकटवता गाडीसोबत पाठवली. हवी असतील तर गिऱ्हाइकाने लावून घ्यायची. छापील किंमत 13,653 डॉलर होती, पण ‘ही पुढे सोन्याच्या भावाने जाणार’ अशी हवा झाल्यामुळे लोक दुप्पट पैसे मोजायला तयार झाले.

पुढे घडलं ते विचार करण्यासारखं आहे. गाडी मौल्यवान ठरणार म्हणून हजारो मालकांनी ती न चालवता आच्छादनाखाली ठेवून दिली. सगळ्यांनीच जपल्यामुळे ती दुर्मीळ झालीच नाही, आणि महागाईचा हिशेब लावला तर आज अनेकांना मुद्दलही सुटत नाही. हे फक्त बाजाराचं गणित नाही. वस्तूला मोल येतं ते तिच्या हातून घडलेल्या कामामुळे. त्या हजारो गाड्यांनी कुठलीही शर्यत सुरू करून दिली नव्हती. चारचौघींसारख्या वापरल्या असत्या, तर निदान गाडी म्हणून तरी त्यांचं आयुष्य सार्थकी लागलं असतं.

कोल्हापूरकरांना हे पटवायला फार लांब जावं लागत नाही. दसऱ्याला न्यू पॅलेसमधून राजघराण्याची मेबॅक निघते आणि दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला जमलेली गर्दी बाजूला सरून तिला वाट देते. मेबॅक हे नाव आधी झेपेलिन वायुनौकांच्या इंजिनांसाठी गाजलं. कंपनीने 1921 पासून मोटारी बनवायला घेतल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे ते काम थांबलं. तोवर जेमतेम अठराशेच्या आसपास गाड्या झाल्या. म्हणजे दुर्मीळ ती आहेच. पण चौकातल्या माणसाला तिचा आकडा ठाऊक नसतो आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही. दरवर्षी ठरल्या दिवशी ती आपल्या कामाला येते आणि आजोबांनी पाहिलेली गाडी नातू पाहतो, म्हणून ती शहराची आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या जुन्या गाडीत तरी मूळचं किती उरत असेल? मेबॅकचा कारखाना बहुतेकदा फक्त चासी आणि इंजिन द्यायचा, वरचा सांगाडा गिऱ्हाइकाच्या पसंतीने दुसरेच कारागीर चढवायचे. जुनी गाडी चालती ठेवायची म्हणजे सुटे भाग बदलणं, ते घडवून घेणंही आलं. आक्षेप खरा आहे, पण त्याने माझं म्हणणं मोडत नाही. चालत्या गाडीची दुरुस्ती तिच्या आयुष्याचाच भाग असते. नकली पेस कारला मात्र न जगलेलं आयुष्य दारावरच्या अक्षरांनी चिकटवलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नक्कल एवढी कमी प्रतीची असेल, तर कोल्हापूरच्या उद्योगाचं काय? इथल्या मेस्त्रींनी परदेशी ऑइल इंजिनं खोलली, भाग मोजले, साचे केले, बीड ओतलं आणि लेथवर उतरवलं. उद्यमनगर त्याच हुन्नरावर उभं राहिलं. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या दोघांनी परदेशी यंत्रांचा अभ्यास करून सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम तडीस नेलं आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला स्तंभ उभा आहे. या शहराने नकलेला कधी कमी लेखलं नाही, कारण त्या यंत्राने सिनेमा टिपला आणि त्या इंजिनांनी उसाला पाणी दिलं.

त्याच न्यायाने लग्नाच्या वराती मिरवणाऱ्या, नव्या इंजिनावर जुन्या धाटणीचा सांगाडा चढवलेल्या ‘विंटेज’ गाड्यांना नाकं मुरडायचं कारण नाही. खरी जुनी मोटार ज्यांच्या ऐपतीबाहेर आहे, त्यांना एक दिवसाची ऐट त्या देतात आणि मालकाचं पोटही भरतात. अडचण एवढीच, की प्रदर्शनात किंवा मिरवणुकीत अशी गाडी अस्सल गाडीशेजारी उभी राहिली की दोघींवर एकच पाटी लागते. कायद्याने हा फरक केव्हाच केला आहे: 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन म्हणजे करमणूक, तिथे कागदपत्रं कशाला, असं आयोजक म्हणतील. पण रविवारी पोरांना घेऊन येणारा बाप पाटी वाचूनच पोरांना समजावून सांगतो. तिथे खोटं लिहिलं की ते पुढच्या पिढीत खरं होऊन बसतं.

म्हणून कोल्हापुरात यापुढे जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरेल, तेव्हा आयोजकांनी प्रत्येक गाडीपुढे चार ओळी लिहायला लावाव्यात: कोणत्या साली बनली, काय काय बदललं, कुठल्या कामाला होती. गाडी प्रतिकृती असेल तर ‘प्रतिकृती’ हा शब्द मोठ्या अक्षरांत हवा, आणि त्याखाली चासी कुठली, सांगाडा कुठल्या गॅरेजात ठोकला आणि तो ठोकणाऱ्या मेस्त्रीचं नाव काय, हेही हवं. गाडीच्या मालकाचं नाव त्यानंतर आलं तरी चालेल.