नाक म्हणजे मीटर नव्हे

१४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरीन वायूची गळती झाली. गोदामाच्या आवारात अनेक वर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरांतून वायू सुटला. अनेकांना इस्पितळात न्यावे लागले. मदतीला धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही त्याची बाधा झाली.

अशा वेळी आपण विचारतो, "वास येतोय का?" वास गेला की धोका टळला, असे आपण धरून चालतो. पण नाकावर विसंबणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांची घाण येते खरी. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले, की नाकच बधिर होते. वास थांबतो आणि मरण जवळ येते.

म्हणून आत जाणाऱ्या जवानाजवळ वायू मोजणारा मीटर हवा. नेहमीचा मीटर चार गोष्टी मोजतो : प्राणवायू, पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. चांगल्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की भोंगा वाजतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा चार वायूंचा मीटर क्लोरीन ओळखत नाही. त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. चुकीचा मीटर घेऊन गेलेल्या जवानाला काटा शांत दिसेल आणि छातीत मात्र विष जाईल. शिवाय सेन्सर जुना होतो, निकामी होतो. म्हणून वापरण्यापूर्वी थोडा ठरावीक वायू सोडून भोंगा वाजतो की नाही, हे तपासावे लागते. कपाटात कुलूपबंद ठेवलेला मीटर कोणाचाच जीव वाचवीत नाही.

बंधू-भगिनींनो, बंबावरचे जवान, टँकरचे चालक, गोदामातले हमाल ही कष्टकऱ्यांच्याच घरची माणसे. ती सुखरूप घरी परतावीत म्हणून आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न जरूर विचारा : जवळच्या रासायनिक कारखान्यांत जे वायू आहेत, ते मोजणारे मीटर पहिल्याच बंबावर आहेत काय? आणि त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली?

आणि गळती झाल्यास बघ्यांच्या गर्दीत उभे राहू नका. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. वाऱ्याला आडवे होऊन दूर, उंचावर जा. मुलाबाळांना आधी न्या.