वीस मिनिटांची एक बाजू

गेलं वर्षभर मी एका वेगळ्याच मंडळात जाते आहे. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी दादरच्या एका घरी दहा-बाराजण जमतात. प्रत्येकाच्या काखेत जाझची एक तबकडी. सध्या आपण काय ऐकतो आहोत ते दोन वाक्यांत सांगायचं, एक बाजू लावायची आणि ती संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, एवढाच नियम. संस्थेतल्या एका सहकाऱ्याने आग्रहाने नेलं म्हणून मी पहिल्यांदा गेले. जाझमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आठवडाभर कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस ऐकल्यावर कोणी काही न बोलता बसलेली खोली मिळते, खरं तर याच लोभाने मी जात राहिले.

ही माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगते. हौशी, वाचणारी, एकमेकांना तबकड्या उसन्या देणारी. मुंबईला जाझ परकं नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. 1935 साली लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीयांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे अल्दोन्याचा चिक चॉकलेट आणि त्याच्यासारखे कितीतरी गोवेकर वादक रात्री हॉटेलांत जाझ वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधल्या ज्या गाण्यांवर आपल्या आया नाचल्या, त्यांत हे सूर आहेत.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी एकाने लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ची तबकडी आणली. ही ध्वनिमुद्रणं 1925 पासूनची, शिकागोमधली. ते गृहस्थ ट्रम्पेटविषयी भरभरून बोलले आणि शेवटी म्हणाले, “पियानोवर त्याची बायको आहे.” सुई टेकली, बाजू सुरू झाली. माझ्या कानांत मात्र ते वाक्यच वाजत राहिलं. बायकोला नाव नव्हतं का?

होतं. लिल हार्डिन. मेम्फिसची मुलगी. शिकागोतल्या एका दुकानात गिऱ्हाइकांना नव्या गाण्यांच्या नोटेशनचे कागद वाजवून दाखवायची, आठवड्याला 3 डॉलर पगारावर. 1923 साली किंग ऑलिव्हरच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा पियानोवर तीच होती, आणि त्याच बँडमध्ये लुई दुसरा कॉर्नेट वाजवत होता. 1924 साली त्यांचं लग्न झालं. दुसऱ्या जागेवर बसून राहू नकोस, स्वतःचं नाव कर, म्हणून त्याच्या मागे लागणारी तीच. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ ही रचना तिच्या नावावर आहे, ती आजही वाजवली जाते. पुढे तिने शिवणकाम शिकून काही काळ तेही केलं. (हे वाचून मला हसू आलं आणि रागही. पियानो वाजवणारी असो की दहावी नापास, बाईला आधार शिवणयंत्राचाच!) घटस्फोटाला कित्येक वर्षं झाली होती. लुई जुलै 1971 मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात शिकागोत त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात वाजवताना ती पियानोवरच कोसळली आणि गेली.

मग मी तबकड्यांच्या पाकिटांच्या मागची बाजू वाचू लागले. पुढच्या बाजूला बाई असते ती गाणारी, नाहीतर नुसतीच सुंदर दिसणारी. मागे बारीक अक्षरांत वाजवणारी, रचणारी बाई सापडते. ‘जर्नी इन सच्चिदानंद’ आमच्याकडे सगळ्यांची लाडकी, कारण तिच्यात तंबोरा आहे. पण अ‍ॅलिस कोल्ट्रेनची ओळख करून देताना “कोल्ट्रेनची पत्नी” हे शब्द आधी येतात, तिची हार्प नंतर. मेरी लू विल्यम्सचं तर मी नावही ऐकलं नव्हतं. ड्यूक एलिंग्टन आणि बेनी गुडमन यांच्या बँडसाठी तिने संगीताची मांडणी लिहिली. 1958 साली तिने बेल कँटो फाउंडेशन काढलं, आणि व्यसनाने मोडलेल्या, निर्धन झालेल्या वादकांसाठी हार्लेममध्ये जुन्या कपड्यालत्त्यांचं दुकान चालवून पैसा उभा केला. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत व्यसनमुक्तीवर मी कितीतरी पानं वाचली, कोणी हे सांगितलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. घर ज्यांचं त्या काकांच्या पत्नी, म्हणजे काकू. चहा बरोबर बाजू संपतानाच बाहेर येतो, कधीही मध्ये नाही. एकदा मी कप ठेवायला आत गेले. पोहे परतत होत्या. मी म्हटलं, “काकू, तुम्हाला आवडतं का हो हे?”

“आवडतं की. पण अगं, मला प्रत्येक तबकडीचं पहिलं गाणं येतं आणि शेवटचं येतं. दार तेवढ्यापुरतंच उघडं असतं ना! मधलं काय ते ठाऊक नाही.”

एकतीस वर्षांचा संसार. तितकीच वर्षं त्या तबकड्या त्या घरात. आणि वर्षभर त्या घरात जाऊन, स्त्रीमुक्तीवर शिबिरं घेणारी मी, तो चहा निमूट पीत होते.

एल.पी.ची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. मी वस्तीतल्या गटात विचारलं, हातात काही काम न घेता सलग वीस मिनिटं कोण बसतं? बायका आधी हसल्या. एक म्हणाली, “बसले तर सासू विचारते, बरं नाही का गं?” दुसरी म्हणाली, “रेडिओ ऐकते की मी, भांडी घासताना.” बायकांना गाणी आवडतात पण असलं गंभीर संगीत नको असतं, असं आमच्या मंडळात म्हणतात. रेडिओला बसावं लागत नाही आणि तो उलटावाही लागत नाही, एवढं साधं कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय नवी तबकडी दोन-तीन हजारांना पडते. स्वतःच्या हौशीसाठी एवढे पैसे कोणाला न विचारता काढणाऱ्या बायका आपल्यात किती?

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषाची 97. तेही जे पुरुष करतात त्यांची. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस होते, बायका एक्क्याऐंशी. पण उरलेला वेळ सलग असतो की चिंध्या-चिंध्या, हे या मिनिटांवरून कळत नाही. चिंध्यांची गोधडी होते, तबकडीची बाजू होत नाही. आपण समान वेतन मागितलं, मालमत्तेत वाटा मागितला. रिकामा, सलग, कोणाच्याही उपयोगाचा नसलेला वेळ मागायला मात्र आपल्यालाच संकोच वाटतो. आधी पोटापाण्याचे प्रश्न, मग हे, असं मीही म्हणत आले. पण वस्तीतल्या त्या हसण्यानंतर मला ते तितकंसं खरं वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी हे मंडळात बोलले. एकजण म्हणाले, “संगीतात स्त्री-पुरुष कशाला आणता?” मी म्हटलं, मी आणलं नाही, ते स्वयंपाकघरात आधीपासून उभं आहे. थोडा वेळ शांतता पसरली, तबकडी न लावताच. काका गोरेमोरे झाले. ते वाईट नाहीत, त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, इतकंच. शेवटी ठरलं की चहा खालच्या उडप्याकडून थर्मासमध्ये येईल, खाणं पाळीपाळीने प्रत्येकाने आणायचं, आणि काकू बाहेर बसतील.

काकूंनी तबकडी निवडावी असंही कोणी सुचवलं. त्या म्हणाल्या, “निवडायचं पुढे बघू, आधी मधलं काय आहे ते ऐकू दे.” मेरी लू विल्यम्सची एक बाजू लावली. काकू खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. तिसरं गाणं सुरू होईपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती. एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाजू संपल्यावर काकांनी उठून तबकडी हलक्या हाताने उलटली, आवाज थोडा कमी केला आणि दुसरी बाजू लावली.