वाटी मोजावी की भाकरी सोडावी?

बारसे असो, साखरपुडा असो की एकसष्टी, हल्ली पंगतीत एक जण तरी वाढप्याला ताटावर आडवा हात धरून थांबवतो आणि म्हणतो, ‘भात नको, मी बंद केलाय.’ शेजारचा लगेच विचारतो, ‘किती उतरले?’ समोरच्या रांगेतल्या सूनबाई भात घेतात, पण मोजून एक डाव, आणि हात धुऊन आल्यावर मोबाइलवर काहीतरी टिपून ठेवतात. एकाने पिष्टमय पदार्थ सोडले आहेत, दुसरी उष्मांक मोजते आहे. दोघांचाही आपापल्या मार्गावर पुरता विश्वास आहे, आणि जिलबीचे ताट पुढे सरकले की दोघांचीही नजर त्याच्यामागे जाते.

विषय मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या पुढच्या अहवालात आपल्या आहाराचाही हिशेब आला: भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के एकट्या पिष्टमय पदार्थांतून येतात. म्हणजे तांदूळ, गहू आणि साखर. तेव्हा घरात कोणाची साखर वाढलेली निघाली किंवा पँटचा हूक लागेनासा झाला, की कोणता रस्ता धरायचा हा प्रश्न खरोखरीचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा कोणाच्या तरी मेहुण्याच्या अनुभवावरून दिले जाते.

दोन्ही रस्ते जुने आहेत. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका सुखवस्तू गृहस्थाने पाव, साखर, बटाटे सोडून आपण कसे बारीक झालो याची पुस्तिका 1863 मध्ये छापली आणि ती हातोहात खपली. उष्मांक मोजून जेवण्याची टूम अमेरिकेत ल्यूलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंच्या 1918 मधल्या पुस्तकाने घरोघर नेली. पुढे 1972 मध्ये डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांनी बँटिंगचाच मार्ग नव्या थाटात मांडला. तेव्हापासून दोन पंथांची भांडणे चालू आहेत.

आधी मोजणाऱ्यांचे पाहू. त्यांचे तत्त्व साधे आणि खरे आहे: शरीर खर्च करते त्यापेक्षा कमी उष्मांक पोटात गेले तर वजन उतरते. पिष्टमय पदार्थाच्या आणि प्रथिनाच्या ग्रॅमला 4, स्निग्धाच्या ग्रॅमला 9, असा हा हिशेब. अडचण येते ती स्वयंपाकघरात. पावाची चकती मोजता येते. आमटीची वाटी कशी मोजायची? डाळ किती, पाणी किती, फोडणी किती, हे करणारीलाही ठाऊक नसते, आणि ठाऊक नसण्यातच तिच्या हाताची चव असते. 1992 मध्ये अमेरिकेत झालेला एक छोटा पण गाजलेला अभ्यास आहे. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या स्थूल माणसांनी लिहिलेला आहार आणि प्रत्यक्षातला आहार त्यात ताडून पाहिला. त्यांनी सरासरी 47 टक्के खाणे कमी लिहिले होते. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. माणसाला पोळी आठवते, पोळीवरचे तूप आठवत नाही.

आपल्या घरांत या न लिहिलेल्या खात्याचा एक खास भाग आहे. मुलांच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला दोन घास भात, डब्यात परत आलेला शिरा, हे सारे ‘टाकायचे कशाला’ म्हणून कोण संपवते हे सांगायला नको. कोणत्याही वहीत त्याची नोंद नसते. घरातल्या बाईचे वजन ‘हवेवर वाढते’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा ओट्याकडे पाहावे.

आणि तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल होते. त्याचे उष्मांक 340, म्हणजे जवळजवळ चार फुलक्यांइतके. फुलका नाकारणाऱ्याला हे तेल दिसत नाही, कारण ते भाजीत असते. केवळ हे एक गणित कळले तरी मोजण्याचा खटाटोप वसूल झाला असे मला वाटते.

आता सोडणाऱ्यांकडे वळू. त्यांचा मोठा फायदा असा, की मोजदाद नको. नियम एका ओळीचा: धान्य, साखर, बटाटा बंद. प्रथिने वाढली की पोट भरल्यासारखे राहते, दुपारी चारची हुरहुर कमी होते, आणि ज्याची रक्तातली साखर चढते त्याला तर जेवणानंतरच्या आकड्यात फरक लगेच दिसतो. पहिल्याच आठवड्यात काटा दीडदोन किलो खाली येतो आणि उत्साह दुणावतो. पण यातले बरेचसे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले पिष्ट आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते. साठा संपला की ते पाणी जाते, आणि श्रीखंड-पुरीच्या पहिल्याच दिवशी परत यायला लागते. मग माणूस खचतो, ‘मला काही लागू पडत नाही’ म्हणतो.

शिवाय हा मार्ग जिथे जन्मला तिथले ताट आणि आपले ताट यांत फार अंतर आहे. अॅटकिन्स यांच्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात दिवसाला 20 ग्रॅम पिष्ट चालते. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ते 43 ग्रॅम असते, म्हणजे एक भाकरी आणि दोन दिवसांचा कोटा संपला! ‘मी भात सोडून भाकरीवर आलो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा: शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात 345 उष्मांक, तर ज्वारीत 349. ज्वारीत प्रथिने आणि तंतू अधिक, ती चावावी लागते, सावकाश पचते, हे सारे मान्य. पण तीन भाकऱ्या त्या तीन भाकऱ्याच. उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभरात 87 ग्रॅम. आणि शाकाहारी माणूस ज्या डाळीकडे प्रथिनांसाठी पाहतो त्या तुरीच्या डाळीतही निम्म्याहून अधिक पिष्टच असते. मांसमच्छी आणि अंडी खाणाऱ्या घराला हा रस्ता त्या मानाने सोपा, शाकाहारी घराला पनीर, दही, सोयाबीन आणि शेंगदाण्यांवर भिस्त ठेवावी लागते. खिशाचाही प्रश्न आहेच. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, पनीर मिळत नाही.

मग जिंकले कोण? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 609 माणसांना वर्षभर दोन गटांत ठेवले. एका गटाने पिष्ट कमी केले, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. उष्मांक मोजायला कोणालाच सांगितले नव्हते, पण चांगले, ताजे, घरी शिजवलेले खायला दोघांनाही सांगितले होते. 2018 मध्ये निकाल आला. पिष्ट कमी करणारे सरासरी 6 किलोंनी उतरले, दुसरे 5.3 किलोंनी. हा फरक शास्त्राच्या दृष्टीने नगण्य. गंमत अशी, की न सांगताही दोन्ही गटांचे रोजचे उष्मांक सुमारे पाचशेने घटले होते. आणि 20 ग्रॅमपासून सुरुवात करणारे पिष्टत्यागी वर्षअखेर 130 ग्रॅमच्या आसपास परतले होते. प्रत्येक गटात कोणी तीस किलोंनी उतरले, तर कोणाचे वजन उलट वाढले. पंथापेक्षा माणसामाणसातला फरक मोठा निघाला.

मधुमेहाच्या बाबतीतही एक कोडे आहे. ब्रिटनमधल्या 2017 च्या प्रसिद्ध चाचणीत मधुमेह्यांना काही महिने रोज जेमतेम साडेआठशे उष्मांकांच्या पेयांवर ठेवले, आणि वर्षाअखेर त्यांतल्या 46 टक्क्यांची साखर औषधांवाचून आटोक्यात होती. त्या पेयांतले निम्म्याहून अधिक उष्मांक पिष्टाचेच होते! थोडक्यात, पिष्ट घटवूनही साखर सुधारते आणि एकूण खाणे घटवूनही सुधारते. महाराष्ट्राने 2018 च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद हिरिरीने घातला. एक म्हणे दिवसातून दोनदाच जेवा, दुसरे म्हणे थोडे थोडे वरचेवर खा. दोन्हीकडे बारीक झालेली माणसे होती, ती याच कारणाने, असे माझे मत आहे. चरत राहण्याची सवय कोणत्याही शिस्तीने मोडते.

तरीही आपल्यापुरता कौल द्यायचा तर मी तो तटस्थ देणार नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपण दिसतो सडपातळ, आणि स्नायू कमी, चरबी अधिक, तीही पोटात. अशा माणसाला नुसते उष्मांक कापून उपयोग थोडा. त्याच्या ताटातले धान्य कमी आणि प्रथिने जास्त व्हायला हवीत, आणि अंगाला थोडे कष्ट हवेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात धान्यांचा वाटा एकूण उष्मांकांच्या 45 टक्क्यांपर्यंत आणायला सांगितले आहे. हा मधला रस्ता आपल्या स्वयंपाकघराला झेपणारा आहे. तीन पोळ्या आणि भात यांच्याऐवजी दोन पोळ्या किंवा एक भाकरी, भात हवाच असेल तर एक पोळी कमी, घट्ट वरण किंवा उसळ दोन वाट्या, कोशिंबीर ताटात दिसण्याइतकी, ताक, आणि संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी फुटाणे. मोजायचेच असेल तर पंधरा दिवस मोजावे, तेलासकट. डोळ्यांना अंदाज आला की वही बंद करावी. जन्मभर मोजणारा माणूस पंगतीत आणि घरात दोन्हीकडे नकोसा होतो.

एका बाबतीत मात्र घरच्या घरी प्रयोग नको. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्याने एकाएकी भात-पोळी बंद केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, शुद्ध हरपणे इथपर्यंत मजल जाते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणाऱ्याने पिष्ट फारच तोडले तर रक्तात आम्ल साचण्याचा वेगळाच धोका असतो, आणि त्यात साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने तो लवकर लक्षातही येत नाही. गोळी आधी कमी करायची की जेवण, हे डॉक्टरांनी ठरवायचे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधीही त्यांनाच विचारायचे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मुलींना, वाढत्या मुलांना या दोन्ही पंथांपासून दूर ठेवावे. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांनी वजन उतरवण्यापेक्षा दूध, डाळ, अंडे नीट पोटात जाते की नाही याची काळजी करावी. त्या वयात उतरलेल्या किलोत स्नायू किती गेला हे काटा सांगत नाही.

काट्याऐवजी शिवणाच्या डब्यातली टेप चांगली. महिन्यातून एकदा, सकाळी, पोट आत न ओढता कंबर मोजावी. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही सीमा मानतात. टेप धरायला दुसऱ्याला बोलवावे, म्हणजे पोट आत ओढता येत नाही.