प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'प्रतिकारशक्ती वाढवा' असा निरोप आला नाही असा आठवडा जात नाही. पाठवणारे सगळे आपलेच आणि मनापासून पाठवणारे. पण त्याच ग्रुपवर माझी मावसबहीण आहे आणि तिला ल्यूपस आहे. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटते. ती शक्ती आणखी वाढव, असं तिला सांगायचं? तेव्हा पोस्ट जरा लांबली तरी काका-काकू मंडळींनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती :-)

माझं मत विचाराल तर सगळा घोळ 'शक्ती' या शब्दाने केलाय. शाळेत शिकवलं की शरीर हा किल्ला, जंतू शत्रू, पांढऱ्या पेशी सैनिक. शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्या आम्हाला हे फारच पटलं. मग सैन्य जितकं जास्त तितकं बरं, असंच वाटणार ना?

पण या 'सैनिकां'चा बराचसा दिवस लढाईत जात नाही, तो कचरा उचलण्यात जातो. आपल्या शरीरात रोज सुमारे ३३० अब्ज पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. त्यात बहुतेक रक्तातल्या, बाकीच्या मुख्यतः आतड्याच्या अस्तरातल्या. इतका ढीग रोज पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तो गिळून टाकतात.

पेशीच्या अशा शिस्तीतल्या मरणाला १९७२ साली शास्त्रज्ञांनी 'अपॉप्टोसिस' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्द, अर्थ पानं गळणं. (आपल्याकडे 'पानगळ' हा इतका सुंदर शब्द असताना पुस्तकांत मात्र 'नियोजित पेशीमृत्यू' छापतात. असो.) अशी मरणारी पेशी आवरासावर करून मरते. आक्रसते, आतल्या डीएनएचे तुकडे करते, सगळ्याची छोटी छोटी गाठोडी बांधते. एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असणारा एक स्निग्ध रेणू ती बाहेरच्या बाजूला आणते. सकाळी दारात कचऱ्याची पिशवी ठेवावी तसं, 'मला घेऊन जा'. भक्षक पेशी येते, गिळते आणि आसपास शांततेचे निरोप सोडते: काही झालेलं नाही, कोणी उठू नका. पेशी जंतूमुळे मेली असेल तर निरोप वेगळा जातो आणि मग फौज उठते, उठायलाच हवी. म्हणजे पेशी कशी मेली आणि तिला कोणी, किती लवकर उचललं, यावर पुढचं सारं अवलंबून.

पिशवी दारातच राहिली तर? पेशी फुटते, केंद्रकातला ऐवज बाहेर सांडतो आणि शरीराला वाटतं हल्ला झाला. सफाईच्या कामाला फौज घुसली की काय होतं, हे पुण्याला कोणी शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या समितीने गोरे सोजिर घराघरांत घातले. रोग खरा होता, सफाईही हवीच होती. पण लोकांना रोगाइतकाच सोजिरांचा धसका बसला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. (त्याच गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, आज पेशी विज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे.)

ल्यूपसमध्ये साधारण असंच होतं, असं आता दिसतंय. मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या जात नाहीत आणि शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. यातला सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे सी-वन-क्यू हे रक्तातलं प्रथिन. मेलेल्या पेशीला चिकटून ते भक्षक पेशींना मदत करतं. ज्या थोड्या लोकांमध्ये ते जन्मतःच नसतं, त्यांतल्या बहुतेकांना ल्यूपससारखा आजार होतो. उन्हाचंही तसंच. ऊन कातडीच्या पेशी मारतं, म्हणून बहिणीच्या गालांवर मार्च उजाडला की चट्टे येतात. ती भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालते ती हौस म्हणून नव्हे, बरं का.

क्षयाचा जंतू तर हे सगळं ओळखून असल्यासारखा वागतो. भक्षक पेशीत शिरून तिला शिस्तीत मरू न देता फोडून बाहेर पडतो आणि पसरतो.

आता २०२० आठवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध ल्यूपसच्या रुग्णांचा रोजचा आधार. ते कोविडवर चालतं अशी आवई उठली आणि लोकांनी डबेच्या डबे घरात भरले. मार्चअखेर सरकारने निर्यात रोखली, विक्रीचे नियम कडक केले. तरी बहिणीचे यजमान पेठेतली दुकानं पालथी घालत होते आणि सगळीकडे एकच उत्तर, 'संपलं'. पुढे चाचण्यांत ते औषध कोविडवर निरुपयोगी ठरलं. जीव वाचवणारं ठरलं ते डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड! जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

गुळवेलीबद्दल बोललं की घरात वाद होतो, तरी लिहिते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. ती स्वयंप्रतिकारातून होणाऱ्या काविळीसारखी होती. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. सहा रुग्णांवरून आजीचा काढा मोडीत काढा असं मी म्हणत नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच घरात घुसलीय त्याच्यावर हा प्रयोग नको, इतकं तरी मान्य व्हावं.

तेव्हा मंडळी, ते निरोप बहिणीला पाठवू नका. गोळ्या बंद करून बघ, असं तर मुळीच सांगू नका. आणि विसर्जनाची मिरवणूक बघायला तिला दुपारी बोलावू नका, रात्री बोलवा. ऊन उतरलं की ती नक्की येईल.