सपाट तारेची गोष्ट

सतार दुरुस्तीला मिरजेच्या कारागिराकडे नेली, की तो आधी विचारतो : जवारी खुली ठेवू की बंद? खुली म्हणजे तारेचा झणत्कार मोकळा, लखलखीत, खोलीभर पसरणारा. बंद म्हणजे तोच स्वर गोल, आवरलेला, थोडा आतल्या आत बोलणारा. दोहोंत चांगली कोणती, याला उत्तर नाही. वाजवणारा कोण आणि वाजवणार काय, हे कळल्यावाचून शहाणा कारागीर कानशीला हात घालीत नाही.

मँडोलिनवाल्यांची जवारी घोडीत नसते, तारेत असते. आणि तिथे असे विचारणारे कोणी भेटत नाही. दुकानदार पाकीट पुढे सरकवतो आणि म्हणतो, "साहेब, तार ती तार!" तसे नाही, एवढेच सांगण्यासाठी यंदाचे हे सदर.

मँडोलिनला आठ तारा. दोन-दोनच्या चार जोड्या. स्वर व्हायोलिनचेच : जी, डी, ए, ई. वरच्या पट्टीच्या दोन जोड्या साध्या पोलादी तारेच्या. खर्जाला मात्र तार जड लागते, आणि नुसती जाड तार घेतली तर ती गजासारखी ताठ होऊन बेसूर बोलते. म्हणून आतली तार बारीक ठेवून तिच्याभोवती दुसरी तार गुंडाळतात. ही दुसरी तार गोल असली तर वर वळ्या राहतात, भोवऱ्यावर दोरी गुंडाळावी तशा. तीच चपटी, फितीसारखी असली तर बॅटच्या मुठीवरच्या पट्टीसारखी ती गुळगुळीत बसते. इंग्रजीत हिला 'फ्लॅट वाउंड' म्हणतात. मराठीचा मास्तर असूनही मला 'सपाट तार' यापेक्षा बरा शब्द सुचलेला नाही. याखेरीज एक मधला प्रकार असतो : तार गोलच गुंडाळायची आणि मग वरून घासून सपाट करायची. चवीलाही तो मधलाच.

एवढ्या फरकाने काय होते? पुष्कळ होते. गोल गुंडाळीची तार, विशेषतः काशाची, चमकदार बोलते आणि तिचा स्वर लांबतो. अमेरिकेत बिल मन्रो (१९११–१९९६) यांच्यापासून चालत आलेल्या ब्लूग्रास संगीतात मँडोलिन ढोलकीचेही काम करते. तारा दाबून तोडलेला तो खणखणीत ठोका सपाट तारेवर निघत नाही. सपाट तार मऊ, गडद बोलते आणि लवकर मिटते. म्हणूनच जाझवाल्यांत आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्यांत तिचे चाहते आहेत. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड या १९१९ सालच्या कंपनीचे संच त्यांच्यात विशेष नावाजलेले. महाग असतात, पण टिकतातही. वळ्यांत घाम आणि मळ साचायला जागाच नसते. शिवाय पडदे कमी झिजतात.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आपले बोट पडद्यावर नुसते पडत नाही, ते घसरते. सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी मुंबईत चित्रपटांना संगीत देता देता याच वाद्यावर रागदारी वाजवून दाखवली, यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्या काढून एकेरी तारा लावल्या आणि विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीतातली गमके उठवली. बोट घसरले की गोल गुंडाळीची तार 'चीं' करते. दिवाणखान्यात ते चालते, ध्वनिमुद्रणात चालत नाही. विजेच्या वाद्यावर तर काशाची गुंडाळी टाळावीच, कारण त्यातले लोहचुंबक काशाला ओळखत नाही. तिथे पोलादाची किंवा निकेलची हवी.

आमच्या आतेभावाच्या, म्हणजे अण्णांच्या घरी या तारेवरून गेल्या पावसाळ्यात बरेच रामायण झाले. अण्णा सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचे, कलिंगडासारख्या फुगीर पाठीचे मँडोलिन आहे. मधुमेहाने बोटांची कातडी हुळहुळी झाली आणि त्यांनी ते खुंटीला टांगले. "आता पुरे झाले," असे ते म्हणत. पण संध्याकाळी डाव्या हाताची बोटे खुर्चीच्या हातावर चालायची, हे वहिनींच्या नजरेतून सुटत नसे. इकडे नात कॉलेजात. तिला स्नेहसंमेलनात तेच मँडोलिन वाजवायचे आणि त्यावर झणझणीत तारा हव्या होत्या. "काका, आजोबांसाठी सपाट तारा लावल्या तर मागच्या रांगेत काय ऐकू जाणार?" हा तिचा सवाल.

मी दोघांनाही एकच गोष्ट सांगितली : भांडण अर्ध्याच तारांचे आहे. सपाट तारांच्या बहुतेक संचांतही ईची जोडी साधीच असते, आणि बोटाला चावते ती हीच बारीक तार. तेव्हा नुसता 'सपाट' शब्द वाचून संच घेऊ नये. हलका आहे का, ते पाहावे. पाकिटावर ईच्या तारेपुढे ०.०११ ऐवजी ०.०१० इंच लिहिलेले असले, की तेवढ्याने तिचा ताण जवळजवळ सहाव्या हिश्श्याने उतरतो. फुगीर पाठीच्या जुन्या वाद्याला तर हे औषधच आहे. आठ तारांचा मिळून ताण साठ ते ऐंशी किलोच्या घरात असतो. म्हणजे एक जाणता माणूस त्या पातळ फळीवर अष्टौप्रहर उभा! जड संचाने अशा वाद्यांची फळी खचते, मान वाकते, आणि मग दुरुस्ती वाद्याच्या किंमतीच्या वर जाते.

हलका सपाट संच आणला. नातीला मी पातळ, टोकदार नखी दिली, अण्णांना जाड आणि गोल टोकाची. नखीनेही स्वर बराच पालटतो. पहिल्या दिवशी अण्णा वीस मिनिटे वाजवत बसले. मग बोटे पाहिली, चोळली आणि चहा मागितला. नातीचे समाधान मात्र अर्धेच झाले. तिने संमेलनासाठी मैत्रिणीचे सपाट पाठीचे वाद्य मागून आणले, काशाच्या तारांचे. माझ्या मते तिचेही बरोबरच होते.

मँडोलिनच्या थोरल्या भावंडांपाशी सपाट तारेचे पारडे अधिक जड होते. मंडोलाला व्हायोलासारखे स्वर, आणि तीन जोड्या सहसा गुंडाळीच्या. मांडोचेलोला तर बहुधा चारही. तारा जाड, पडदे लांब लांब, बोटांची धावपळ मोठी. तिथे खरखर चौपट होते. ज्याच्या घरी असे वाद्य आहे, त्याने एकदा तरी सपाट संच लावून पाहावा.

तारा बदलताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. मँडोलिनच्या तारेच्या टोकाला बहुधा फास असतो, गिटारसारखा मणी नव्हे. घेताना पाहून घ्यावे. सगळ्या तारा एकदम काढू नयेत. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर उभी असते. एक काढावी, एक लावावी. नवी तार जुनीहून जाड असली तर ती वरच्या खाचेत अडकते आणि सूर लावताना टणटण उड्या मारते. खाच जाणत्याकडून रुंद करून घ्यावी. मुंबईच्या खाऱ्या हवेत साध्या तारा आधी गंजतात, म्हणून वाजवून झाले की कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पहिले दोन-तीन दिवस नव्या तारा उतरत राहतील. तेवढे दिवस रोज सूर लावून घ्यावा.